क्रेन वर जाते कशी, आणि खाली येते कशी?

दुबईतल्या साइटचा फोटो स्टेटसला टाकला की सोलापूरच्या मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला: "एवढ्या वर ती क्रेन नेली कुणी बे?" आणि लगेच दुसरा: "आता काढणार कशी?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडं सात-आठ मजल्यांच्या कामाला माल चढवायची लिफ्ट पुरते, टॉवर क्रेन जवळून बघायला मिळणार कुठं?

क्रेन किती टन उचलते, एवढं विचारून भागत नाही. किती लांबवर, तेही विचारावं लागतं. खांबाजवळ दहा-बारा टन लीलया उचलणारी क्रेन साठ मीटरच्या टोकाला दोन-अडीच टनांवर येते. वजन गुणिले अंतर, सगळा खेळ एवढाच. म्हणून मागच्या आखूड हाताला काँक्रीटचे ठोकळे असतात. पुढच्या लांब हातावर, म्हणजे जिबवर, ट्रॉली मागं-पुढं धावते. हिशोबाबाहेर माल पुढं न्यायला गेलं, तर लिमिट स्विच ट्रॉली अडवतो.

पहिल्यांदा क्रेन उभी करायला चाकांवरची मोठी क्रेन येते. पुढं ही बाई स्वतःच वाढते. खांबाभोवती एक पिंजरा असतो, त्यात हायड्रॉलिक जॅक. वरच्या भागाचे खांबाशी असलेले बोल्ट काढायचे, जॅकनं तो उचलायचा, मधल्या मोकळ्या जागेत खांबाचा नवा तुकडा सरकवून बोल्ट आवळायचे. तुकडा खालून आणते तीच. उंची वाढत गेली की खांब ठरावीक अंतरावर इमारतीला बांधून घेतात.

यातली जीव टांगणीला लावणारी वेळ म्हणजे बोल्ट निघालेले असतात ती. त्याआधी हुकाला ठरावीक वजन लावून ट्रॉली अशा जागी उभी करतात की पुढचा-मागचा भार जुळावा. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा तोल सापडल्याशिवाय पाऊल टाकत नाही, तसंच हे. त्या वेळी जिब फिरवायला सक्त मनाई.

ऑपरेटरला बऱ्याचदा हुक दिसतच नाही. खालचा सिग्नलमन वॉकीटॉकीवर "थोडा नीचे, और थोडा, बस बस" म्हणतो आणि वरचा त्याच्या आवाजावर लोखंडाचा गठ्ठा टेकवतो. इथं 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम कायद्यानं बंद असतं. सोलापूरच्या मे महिन्यात वाढलेलो असलो तरी इथल्या दमट उन्हापुढं मीही हात टेकतो.

वारा हा खरा मालक. ताशी 72 किलोमीटर ही बऱ्याच क्रेनची कमाल मर्यादा. साइटवर त्याच्या बरंच आधी काम थांबवतात. काम संपलं की फिरण्याचा ब्रेक मुद्दाम मोकळा सोडतात, म्हणजे जिब वाऱ्याबरोबर वळतो आणि खांबावर कमी ताण येतो. रात्री क्रेन आपोआप फिरताना दिसली तर घाबरू नका.

आता उतरवणं. क्रेन इमारतीबाहेर असेल तर उलटा क्रम: एकेक तुकडा काढत खाली यायचं. पण ती लिफ्टच्या पोकळीतून वर चढलेली असेल, तर गच्चीवर लहान क्रेन बसवून तिच्याकरवी मोठीचे तुकडे खाली सोडतात. मग त्या लहानीला काढायला आणखी लहान. शेवटची इतकी छोटी असते की माणसं ती हातानं सुटी करून लिफ्टमधून खाली आणतात.