धार कुठल्या स्टीलची टिकते?

मी हौसेने लोकांच्या सुऱ्यांना धार लावून देतो. हे कळलं की पाच मिनिटांत प्रश्न येतो: "सगळ्यात जास्त धार कुठल्या स्टीलची टिकते?" मी उलट विचारतो, "धार लावणार कोण?" विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, कारण त्याला एक नाव हवं असतं, आजच्या आज मागवता येईल असं. तुम्हीही विचारलंत म्हणून आज आधी नाव सांगतो आणि मग ते लगेच मागवू नका असं का म्हणतो, तेही सांगतो.

एस९०व्ही. २.३ टक्के कार्बन, ९ टक्के व्हॅनेडियम. याच्याही पुढची स्टील्स आहेत, पण धार टिकण्याची गोष्ट निघाली की हे नाव येतंच. माझ्याकडे या स्टीलचा एक घडीचा चाकू आहे. पहिले कित्येक महिने मी त्याच्यावर फिदा होतो. खोकी फोडा, दोरी कापा, पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढा, पातं आपलं तसंच. मग एक दिवस खोकं फोडताना आतली लोखंडी पिन लागली. नजरेला काही दिसलं नाही, पण अंगठ्याच्या नखावरून धार हलकेच सरकवली तर एका जागी ती अडकली. बारीकसा दात पडला होता.

नेहमीचा दगड भिजवून बसलो. साध्या सुरीचे दहा हात मारले की दगडावरचं पाणी काळं होतं. सुटलेलं लोखंड असतं ते. इथे अर्धा तास झाला तरी पाणी जेमतेम राखाडी. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. माझा दगड कुरुंदाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. कुरुंदाचा कठीणपणा व्हिकर्स मापात दोन हजारांच्या थोडा वर आणि स्टीलमधल्या व्हॅनेडियम कार्बाइडच्या, म्हणजे व्हॅनेडियम आणि कार्बन जुळून बनलेल्या, कणांचा २८०० च्या आसपास. दगडापेक्षा पात्यातले खडे कठीण! दगड मधलं मऊ पोलाद ओरबाडत होता आणि ते कण तसेच उभे होते. शेवटी हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी आणली तेव्हा दात गेला.

त्या दोन संध्याकाळींनी मला एक गोष्ट शिकवली. धार टिकते, कारण पातं झिजायला राजी नसतं. मग ते दगडावर तरी कशाला झिजेल? धार जितकी टिकते तितकाच बोथटपणाही टिकतो. हिऱ्याची पट्टी हाताशी नसेल, तर या पात्याचा पहिला काळ सुखाचा आणि पुढचा सगळा काळ नुसता नावाचा.

आता धार जाते म्हणजे नेमकं काय होतं? नीट लावलेल्या धारेचं टोक एका मायक्रॉनच्याही खाली असतं, केसाच्या शंभराव्या भागाहून बारीक. ते झिजतं, हे तर सगळ्यांना माहीत असतं. पण ते वाकतंही, त्याचे कपचे उडतात आणि ओलं राहिलं तर ते गंजतं. पात्यावर डाग दिसायच्या कितीतरी आधी टोक गंजून गेलेलं असू शकतं. जाहिरातीतले 'धार टिकण्याचे' आकडे यातल्या फक्त झिजण्याचे असतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कॅट्रा या संस्थेची चाचणी सगळीकडे प्रमाण मानतात: पातं यंत्रात घट्ट बसवायचं, वर ५ टक्के सिलिका मिसळलेल्या कागदी पट्ट्यांचा गठ्ठा, दाब ५० न्यूटनचा, म्हणजे साधारण पाच किलो वजनाचा. पातं ४० मिलिमीटर पुढे, ४० मागे, असे साठ फेरे. एकूण किती मिलिमीटर गठ्ठा कापला, तो आकडा. चाचणी उत्तम आहे. फक्त त्यात कुणी पातं तिरकं पिळत नाही, कापायच्या फळीवर आपटत नाही आणि मोरीत ओलं टाकून झोपायला जात नाही.

आणि कपचे उडायला पिनच लागते असंही नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाढीचं पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून केस कापताना पाहिलं. केस स्टीलपेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. तरी धारेचे कपचे उडत होते. केस वाकून तिरका लागला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, की तुकडा सुटायचा. म्हणून रोजच्या पात्याचा विचार करताना मी झिजेच्या आधी पातं किती चिवट आहे ते बघतो.

आता नावांकडे. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच युरोपीय सुऱ्या एक्स५०सीआरएमओव्ही१५ या स्टीलच्या असतात. अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम, रॉकवेल कठीणता (हे कठीणपणाचं वेगळं माप, आकडा मोठा तितकं पातं कठीण) ५६ च्या आसपास. चाकूवेडे लोक याला नाकं मुरडतात. मी नाही. याची धार तुटण्याआधी वाकते, आणि वाकलेली धार सळईवर चार हात मारले की पुष्कळशी सरळ होते. रोज चार हात मारणाऱ्या माणसाला याहून महाग काही घ्यायची गरज नाही. व्हीजी१० जपानी, १ टक्का कार्बन, ६० च्या आसपास कठीण. धार सुंदर घेतं, पण सळईवर दणके सोसत नाही आणि पिळलं तर कपचा सोडतं. १४सी२८एन आणि दाढीच्या पात्यांसाठी निघालेलं एईबी-एल ही माझी लाडकी. यांच्यातले कार्बाइड कण इतके बारीक असतात की साध्या दगडावर दहा मिनिटांत केस उडवणारी धार येते.

गंजणाऱ्या साध्या कार्बन पोलादांबद्दल काय सांगू, ज्याला आवडतात त्याला आवडतात. धार लावायला याच्याइतकं गोड दुसरं काही नाही. पण कापून झालं की लगेच पुसायचं, नंतर म्हणून ठेवायचं नाही. हे आपल्याच्याने होणार नाही हे बहुतेकांना आधीच माहीत असतं, तरी घेतात.

इथे एक जुना किस्सा आठवतो. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी झीज सोसणारा धातू शोधत होता. त्याच्या हाती १२.८ टक्के क्रोमियमचं न गंजणारं पोलाद लागलं. ते सुऱ्यांना चालेल असं त्याला वाटलं, पण गावातल्या सुरीवाल्यांनी त्याची टर उडवली: न कापणाऱ्या सुऱ्या शोधणारा माणूस! त्या पोलादात कार्बन होता जेमतेम पाव टक्का. 'स्टेनलेसला धार राहत नाही' हे अजूनही ऐकू येतं. शंभर वर्षांत पोलाद कुठल्या कुठे गेलं, टोमणा मात्र तिथेच आहे.

क्रोमियमचे आकडे वाचतानाही जरा जपून. डी२ नावाच्या स्टीलमध्ये ते १२ टक्के असतं, तरी त्यावर डाग पडतात. कारण त्यात कार्बनही दीड टक्का. तो बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये ओढून घेतो आणि गंज रोखायला थोडंच मोकळं उरतं. २०२१ मध्ये आलेल्या मॅग्नाकट या स्टीलमध्ये क्रोमियम फक्त १०.७ टक्के, आणि तरी ते १४ टक्के क्रोमियमच्या एस३०व्हीपेक्षा गंजाला चांगलं तोंड देतं. त्यातला कार्बन व्हॅनेडियम आणि नायोबियमच्या वाट्याला जातो, त्यामुळे क्रोमियम मोकळंच राहतं. डब्यावरच्या आकड्यांची बेरीज करून हे कळणार नाही.

हे सगळं झालं स्टीलच्या नावाचं. माझ्या मते नावाचा नंबर तिसरा. पहिला कोनाचा. एकाच स्टीलची दोन पाती घ्या, एकाला प्रत्येक बाजूला २५ अंशांची जाड धार, दुसऱ्याला १५ ची. बारीक कोनाचं पातं कॅट्राच्या यंत्रावरही कितीतरी जास्त कापतं, आणि हाताला तर ते पहिल्या कापालाच कळतं. महागड्या स्टीलला कारखान्यातून जाड धार लावून येते तेव्हा मला हसू येतं. माझ्याकडे एक जुनी, पात्यावर स्टीलचं नावही नसलेली सुरी होती. तिची धारेमागची जाडी एका रविवारी घासून कमी केली. तेव्हापासून घरात सगळे तीच उचलतात.

दुसरा नंबर पाणी देण्याचा. पोलाद तापवून, झटकन थंड करून, पुन्हा बेताने तापवलं जातं. त्यात चूक झाली की उत्तम स्टीलही एकतर मऊ राहतं नाहीतर काचेसारखं तुटतं. विकत घेताना हे दिसत नाही. म्हणून मी स्टीलच्या नावाआधी ते पातं कुणी बनवलं आणि त्याची रॉकवेल कठीणता किती सांगितली आहे, ते विचारतो. आकडा द्यायलाच टाळाटाळ होत असेल तर मी पुढे जातो.

तर उत्तर. स्वयंपाकघरासाठी, घरात साधा दगड असेल तर १४सी२८एन. फक्त सळई फिरवायची तयारी असेल तर ५६ कठीणतेची ती साधी युरोपीय सुरी. खिशातल्या चाकूला, खिसा परवानगी देत असेल तर मॅग्नाकट. आणि काचेच्या फळीवर कापणार असाल तर जे स्वस्त असेल ते घ्या, कारण तिथे सगळी स्टील्स सारखीच मरतात.

एस९०व्हीचा तो चाकू अजून आहे, टेबलाच्या खणात. परवा पाकीट फोडायला काढला तर कागद कापण्याऐवजी फाटला. हिऱ्याची पट्टी एकाने मागून नेली आहे. ती परत आली की बघू.