बर्लिनच्या फोटोंत माणसं काळीच का?

सातारकरांचा मला ठरलेला प्रश्न: बर्लिनचे संध्याकाळचे फोटो झकास, पण माणसांचे चेहरे कुठायत? उत्तर अर्धं कायद्यात आहे, अर्धं उजेडात.

साताऱ्याच्या मोती चौकात कॅमेरा बाहेर काढला की "आमचा बी एक घ्या की" म्हणत चौघं उभे राहतात. इथे जर्मनीत मात्र १९०७ सालचा कायदा अजून लागू आहे. ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचा नाही. दृश्यात कोणी ओघाने आलं असेल तर चालतं, कलेलाही थोडी सूट आहे. २०१८ मध्ये इथल्या घटनात्मक न्यायालयाने रस्त्यावरची फोटोग्राफी कला असल्याचं मानलं. तरी एका बाईचा फोटो भर रहदारीच्या रस्त्यावर मोठ्ठा करून लावणाऱ्या छायाचित्रकाराला दिलासा मिळाला नाहीच. असल्या काटेकोरपणाचा वैताग येतो. पण कॅमेरा घेऊन गुमान सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं, की चेहरे आपोआप काळे पडतात आणि चित्रही उभं राहतं.

मात्र नुसतं सूर्यासमोर उभं राहून भागत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंग जुळवायची सोय, ऑटोवर असेल तर कॅमेरा सोनेरी रंगाला दोष समजून धुऊन काढतो. तो ५६०० केल्विनवर (दिवसाच्या उजेडाचा आकडा) बांधून ठेवावा आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, घ्यावी. उजेड मोजणारं मीटर सूर्याच्या शेजारच्या आकाशावर लावायचं, खुद्द सूर्यावर नाही. लेन्सचं छिद्र एफ/८, उजेडाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ २००, शटर किमान १/२५० सेकंद इतकं वेगवान, म्हणजे चालणाऱ्याचे दोन पाय वेगळे दिसतात. पाय एकमेकांत मिसळले की माणसाचा खांब होतो. दोन माणसांमध्येही उजेडाची फट हवी. लेन्सवरची यूव्ही फिल्टरची काच काढावी, नाहीतर आकाशात हिरवे ठिपके उमटतात.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते लाल रंगापायी. साधा हिस्टोग्राम (फोटोतला उजेड दाखवणारा आलेख) "सगळं ठीक" म्हणत असतो, तेव्हा त्यातला लाल रंगाचा भाग, लाल चॅनल, केव्हाच भिंतीला टेकलेला असतो. मग सूर्याभोवतीचा केशरी सपाट पिवळा होतो, हळदीचं बोट पुसल्यासारखा. स्लायडर कितीही ओढा, गेलेला रंग परत येत नाही. म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावावा आणि लाल टोकाला लागायच्या आत एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, एक ते दीड स्टॉप खाली आणावं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मोबाइलवर आकाशाला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढा, बरंचसं काम होतं.

एका बाबतीत बर्लिन भाग्यवान. जूनमध्ये सूर्य मावळल्यावर पन्नासेक मिनिटं कामापुरता उजेड असतो, आपल्याकडे जेमतेम चोवीस. ट्रायपॉड लावून, आयएसओ १०० ठेवून, चार-चार सेकंदांचे फोटो निवांत काढता येतात. तेवढ्या वेळात आपण पोवई नाक्यावर गाडी लावायला जागाच शोधत असतो. पण धुळीतून गाळून येणारा आपला तो गुळासारखा रंग इथल्या स्वच्छ हवेत सापडत नाही, हे इथली मंडळी कबूल करणार नाहीत.

साताऱ्यात असे फोटो काढायचे तर तिथला राजपथ हा रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो, तेव्हा पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे तोंड करून उभं राहा. मोबाइलवरच्या सूर्यास्ताच्या वेळेवर विसंबू नका. ती सपाट क्षितिजाची असते, आणि पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आहे. तासभर आधी जा.