सेकंदाला चोवीस फ्रेम

नवा टीव्ही घरी आला की त्याची पहिली परीक्षा चित्रपट घेतो, आणि माझ्या मते बहुतेक टीव्ही दुकानात लागलेल्या सवयींमुळे या परीक्षेत नापास होतात. दुकानाच्या भिंतीवर टीव्ही दाटीवाटीने लावलेले असतात, वर दिव्यांचा लखलखाट असतो आणि त्या गर्दीत जो सर्वांत भडक दिसेल त्याच्यापाशी गिऱ्हाईक थांबते. म्हणून तिथे ‘व्हिविड’ किंवा तत्सम नावाचा मोड चालू असतो. त्यात पांढरा रंग निळसर दिसतो, चेहरे लालभडक होतात आणि हलणारी प्रत्येक गोष्ट गुळगुळीत होऊन जाते. भडकपणाचे एक वेळ चालेल, डोळे त्याला सरावतात. गुळगुळीतपणा मात्र मला सहन होत नाही, आणि माझी सगळी तक्रार त्याच्याविषयीच आहे.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो, तर टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. या दोन आकड्यांमधली तफावत भरून काढण्यासाठी टीव्ही आधीची आणि नंतरची अशा दोन्ही फ्रेम तपासतो, चित्राचा कोणता भाग कुठून कुठे सरकला याचा अंदाज बांधतो आणि कॅमेऱ्याने कधीच न टिपलेल्या फ्रेम स्वतः तयार करून मध्ये घुसवतो. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर ही करामत पूर्ण जोरात चालली, तर दर पाच फ्रेममध्ये एक दिग्दर्शकाची आणि चार टीव्हीच्या पदरच्या असतात. प्रत्येक कंपनीने या करामतीचे बारसे निराळे केले आहे. एलजीच्या टीव्हीत ती ‘ट्रूमोशन’ म्हणून सापडते, सोनीच्या टीव्हीत ‘मोशनफ्लो’ म्हणून आणि सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींत ‘ऑटो मोशन प्लस’ म्हणून. बहुतेक वेळा ती मेनूत तीन-चार पायऱ्या आत दडवलेली असते आणि आधीपासून चालू असते.

टीव्हीचा अंदाज कुठे फसतो हे पाहायचे असेल तर एखादे पात्र खिडकीच्या गजांमागून चालत जाते तो प्रसंग लावावा. गज स्थिर आहेत आणि माणूस चालतो आहे, हे आपल्याला कळते. टीव्हीला ते दर वेळी कळतेच असे नाही. मग त्या माणसाच्या खांद्याभोवती एक थरथरती कडा उमटते, एखादा गज क्षणभर वाकतो आणि पात्र गजाआडून बाहेर पडले की कडा नाहीशी होते. तलवारबाजीत तर पाते मधूनच विरघळते आणि पुन्हा जुळते. एकदा हे दिसू लागले की कथेकडे लक्ष राहत नाही, आणि आपल्याला दिसते ते शेजारी बसलेल्याला दाखवावे तर तो म्हणतो, “किती स्वच्छ दिसतंय की! तुला काय खुपतंय त्यात?”

आमच्या घरी या रोगाचे अचूक निदान आईने केले. टीव्ही लावून पाच मिनिटे झाली नाहीत तोच तिने विचारले, “हा पिक्चर आहे की सिरियल?” तिला फ्रेमशी कर्तव्य नव्हते, पण शंका रास्त होती. जुन्या मालिका व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित होत, आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या पद्धतीत तो कॅमेरा सेकंदाला ५० वेळा अर्धी-अर्धी प्रतिमा टिपत असे. त्यामुळे मालिकांतली हालचाल सलग दिसे, तर चित्रपटातली किंचित पुसट आणि तुटक. वर्षानुवर्षे दोन्ही पाहून आपल्या डोळ्यांनी त्यांची वेगवेगळी खूणगाठ बांधली आहे. चित्रपटाची हालचाल सलग केली की लाखो रुपयांचा सेट प्लायवूडचा वाटू लागतो आणि नट अभिनय करताना पकडले जातात.

बरे, हा २४ चा आकडा काही कोणा द्रष्ट्या कलावंताला स्फुरलेला नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा चित्राचा वेग कॅमेरामनच्या मनगटात होता, कारण कॅमेरा हाताने फिरवावा लागे. वेग थोडाफार कमीजास्त झाला तरी डोळा सांभाळून घेत असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस चित्रपट बोलू लागला आणि आवाज फिल्मच्याच कडेवर उमटवण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा ही ढिलाई चालेनाशी झाली. डोळा माफ करतो ते कान करत नाही. वेग जरा हलला की सूर हलतो. वेग फार कमी ठेवला तर आवाज नीट उमटत नव्हता आणि फार वाढवला तर महागडी फिल्म वाया जात होती. या ओढाताणीत सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या फिल्मचे मिनिटाला ९० फूट, हा तोडगा पक्का झाला. प्रोजेक्टरची झडप प्रत्येक फ्रेम दोनदा किंवा तीनदा पडद्यावर टाकत असे, म्हणून पडदा लुकलुकताना जाणवत नसे.

घरच्या टीव्हीवर तर हा आकडा कधी सोवळ्यात राहिलाच नाही. पूर्वी आपल्या टीव्ही पद्धतीत चित्रपट साधारणपणे २४ ऐवजी २५ फ्रेमच्या वेगाने पळवला जाई, कारण २५ ची ५० शी सांगड सहज बसते. दोन तासांचा चित्रपट त्यामुळे जवळजवळ पाच मिनिटे आधी संपे, आणि गाण्यांची पट्टी अर्ध्या स्वराच्या आसपास वर चढे. टीव्हीवर गाणे ऐकता ऐकता पेटीवर वाजवू पाहणाऱ्याला सूर धड काळीत सापडत नसे, धड पांढरीत सापडत नसे. तरीही चित्रपट चित्रपटासारखाच दिसे, कारण तेव्हाचा टीव्ही चित्र पळवत असला तरी पदरची फ्रेम घालत नव्हता.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. एलसीडी पडदा प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत तशीच धरून ठेवतो, तर आपली नजर हलत्या वस्तूमागे सरकत राहते; त्यामुळे वस्तू पुसट दिसते, आणि हा दोष झाकण्यासाठी मधल्या फ्रेमची कल्पना कामी आली. ओएलईडी पडद्याची गत निराळीच आहे. त्याचे ठिपके इतक्या चपळाईने बदलतात की कॅमेरा एखाद्या डोंगररांगेवरून संथपणे फिरू लागला की २४ फ्रेममधला प्रत्येक धक्का मोजता येतो. शुद्धतेचा आग्रह धरणारे ही सुविधा सरसकट बंद करायला सांगतात, ते मला पटत नाही. ओएलईडीवर ती अगदी खालच्या पायरीवर ठेवावी, एलसीडीवर चित्रपटापुरती बंद करावी आणि क्रिकेटला हवी तर खुशाल चालू ठेवावी. आमच्या घरी सेट-टॉप बॉक्सच्या जोडणीवर बाबांचे राज्य आहे आणि स्ट्रीमिंग स्टिकच्या जोडणीवर माझे. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक जोडणीची सेटिंग वेगळी राहते, ही गृहशांतीसाठी मोठीच सोय आहे. टॉम क्रूझने २०१८ च्या डिसेंबरमध्ये व्हिडिओ काढून लोकांना ही सुविधा बंद करण्याची विनंती केली आणि २०१९ मध्ये ती बंद ठेवून चित्रपट दिग्दर्शकाला हवा तसा दाखवणारा ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. तो मोड आता अनेक टीव्हींत असतो, पण तो शोधून चालू करण्याचे काम अजूनही बहुधा आपल्यालाच करावे लागते.

माझी खरी अडचण आई-बाबांपुढे होत नाही, भाच्यापुढे होते. तो ६० फ्रेमच्या गेमवर वाढला, आता १२० च्या मॉनिटरखाली उतरत नाही आणि माझ्या टीव्हीवरचा चित्रपट पाहून विचारतो, “मामा, हे अडकत का चाललंय?” मी त्याला फिल्मच्या खर्चाचा इतिहास सांगतो, तर तो म्हणतो की आता फिल्मच नाही तर काटकसर कशाची? पीटर जॅक्सनने २०१२ मध्ये ‘द हॉबिट’ ४८ फ्रेममध्ये आणला आणि अनेक प्रेक्षकांना तो खोटा-खोटा वाटला, हा माझा हुकमी मुद्दा. त्यावर त्याचे उत्तर असे की ते प्रेक्षक तुझ्या वयाचे असतील. ४८ फ्रेम दिग्दर्शकाने स्वतः टिपल्या होत्या आणि टीव्हीच्या फ्रेम कोणीच टिपलेल्या नाहीत, हा फरक त्याला मान्य आहे. पण तेवढ्यावर तो रिमोट परत देत नाही.