एका वाक्याचा दमसास

परवा दुपारी भाचीच्या नव्या पुस्तकांना कव्हरे घालताना सुरुवातीच्या पानावरची संविधानाची उद्देशिका समोर आली आणि हातातली कात्री बाजूला ठेवून मी ती मनातल्या मनात म्हणू लागलो. ‘आम्ही, भारताचे लोक’पासून ‘स्वतःप्रत अर्पण करत आहोत’पर्यंत हे सगळे एकच वाक्य आहे, आणि ते एका दमात म्हणून दाखवण्याची आमच्या वर्गात पैज लागत असे. न्याय खणखणीत निघायचा, विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य धावत पार पडायचे, समानतेपाशी आवाज चिरका व्हायचा आणि बंधुता येईपर्यंत छातीत हवाच उरलेली नसायची. तिथून पुढे नुसते पुटपुटणे. बाईही काही बोलत नसत, कारण रांगा उन्हात उभ्या असायच्या.

त्यातूनच मला एक खोड जडली असावी. कोणी उद्देशिका वाचू लागले की मी बंधुतेची वाट पाहत बसतो. भाषणांमध्ये न्याय, स्वातंत्र्य आणि समतेवर वक्ते मनसोक्त बोलतात. बंधुता मात्र यादीच्या शेवटी येणाऱ्या ‘इत्यादी’सारखी उरकली जाते.

खरे तर ती मुळात तिथे नव्हतीच. नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत मांडलेल्या आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झालेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, समानता आणि स्वातंत्र्य यांची हमी आहे, बंधुतेचा उल्लेख नाही. ती घातली डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने, आणि तेव्हा फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले, त्यांच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. बंधुतेवर मात्र कोणी भांडत नाही, आणि हे लक्षण मला फारसे बरे वाटत नाही.

ती मागायची तरी कोणाकडे, ही अडचण आहेच. मूलभूत हक्कांवर गदा आली तर अनुच्छेद ३२चा आधार घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. बंधुता शेजाऱ्याकडून हवी असते, आणि त्यालाही ती आपल्याकडूनच हवी असते. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात सांगितले होते की, बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता सहजपणे अंगी मुरणार नाहीत, त्या अमलात आणायला पोलीस शिपाई लागेल. आमच्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट आहे. तशी पाटी नाही, कोणाची सक्तीही नाही, पण त्या कधी दुसरीत चढत नाहीत. यासाठी कोणत्या शिपायाला बोलवायचे?