नकाशाची झेरॉक्स रंगीतच काढा

नाशिकला दिंडोरी रोडवर म्हसरूळच्या अलीकडे माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. परिसरात काय शिजतंय ते मला पेपरच्या आधी कळतं, कारण ज्याचा त्याचा कागद आधी माझ्या मशीनवर येतो. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत मार्कशीट आणि डोमिसाइल, मे महिन्यात भाडेकरार, मधूनच लग्नाचे बायोडाटा. हल्ली मात्र सात-बारा, झोन दाखला (जमीन कुठल्या विभागात येते त्याचा कागद) आणि भाग नकाशा (विकास आराखड्याचा त्या जागेपुरता तुकडा) यांचीच रीघ लागलेली असते.

कारण उघड आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली झालं, पण त्याचा कारभार परीक्षा आणि संलग्नतेचा. मुलं शिकणार राज्यभरातल्या कॉलेजांत, इथे यायची ती कामापुरती, फाइल घेऊन. त्यामुळे विद्यापीठ म्हटलं की जी होस्टेलं, खानावळी, चहाच्या टपऱ्या उगवतात त्या इथे फारशा आल्या नाहीत. आजूबाजूच्या मळ्यांतून कोबी-फ्लॉवर निघत राहिला. मग 2021 मध्ये सरकारने विद्यापीठाच्या अखत्यारीत वैद्यकीय महाविद्यालय आणि 430 खाटांच्या रुग्णालयाला मंजुरी दिली आणि जमिनीला पाय फुटले. प्लॉटच्या जाहिरातींची पत्रकं माझ्याकडेच छापायला येतात. 'विद्यापीठापासून फक्त पाच मिनिटे.' पाच मिनिटं कशाने, ते कोणी लिहीत नाही. शिवनईला पुणे विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, तर तिकडच्या प्लॉटवालेही 'विद्यापीठाशेजारी'च असतात! नाशिक महापालिकेची हद्द संपल्यावर परवानगी देणारं प्राधिकरण वेगळं आणि आराखडाही वेगळा, हे पत्रकाच्या खालच्या बारीक अक्षरांतसुद्धा सापडत नाही.

परवा एक मामा आले. निवृत्तीचे पैसे हातात, सोबत मुलगा. एजंटाने दिलेला भाग नकाशा पुढे केला आणि म्हणाले, "ताई, याच्या चार कॉपी द्या. यलोमधली जागा आहे, बघा." मी बघितलं. काळीपांढरी झेरॉक्स, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. विकास आराखड्यात रहिवासी विभाग पिवळा असतो आणि शेती विभाग हिरवा. काळ्यापांढऱ्या मशीनमधून दोन्ही एकाच राखाडी रंगाचे होऊन बाहेर पडतात. आराखड्यातल्या प्रस्तावित (डीपी) रस्त्याची लाल रेघ शेताच्या बांधासारखी दिसायला लागते. आरक्षणाचा, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेचा, क्रमांक तर माशी बसल्यासारखा ठिपका होतो. मामांच्या प्लॉटवर असा एक ठिपका होता. भिंग लावून पाहिलं तरी आकडा लागेना.

"मामा, हा रंगीत आणा. नाहीतर गट नंबर घेऊन नगररचना विभागात अर्ज करा, रीतसर झोन दाखला काढा. मग व्यवहाराचं बोला."

मुलगा म्हणाला, "एजंट म्हणतो ओरिजिनल ऑफिसला आहे."

असेलही. पण जो माणूस माझ्याकडे पत्रकं रंगीत छापतो आणि नकाशा काळापांढरा देतो, त्याच्याबद्दल मी काय म्हणावं? मामांनी चारऐवजी एकच कॉपी घेतली.

आता आमच्या गल्लीचं. आमच्या कॉलनीमागे नानांची जमीन आहे आणि तिच्यावर क्रीडांगणाचं आरक्षण आहे. संध्याकाळी पोरं तिथे क्रिकेट खेळतात, नवरात्रात दांडिया होतो. सगळे त्याला 'आपलं ग्राउंड' म्हणतात. सात-बारा मात्र अजून नानांच्या आणि त्यांच्या भावांच्या नावावर आहे. कॉलनीच्या ग्रुपवर 'ग्राउंड वाचवा'चे मेसेज सुरू झाले, तेव्हा नाना दुकानात येऊन चिडून म्हणाले, "पोरांना खेळू द्या म्हणायला काय जातं? एक रुपया मिळाला नाही, विकता येत नाही, बांधता येत नाही. आणि वर आम्हीच चोर!"

नानांचं चुकत नाही. नगररचना कायद्याचं कलम 127 नेमकं त्यांच्यासारख्यांसाठीच आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप गळून पडतं आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते तिथेही बांधता येतं. नाशिकचा आराखडा जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाला, म्हणजे 2027 उजाडलं की नोटिशी निघायला लागणार. आणि 2027 म्हणजे सिंहस्थ. सगळ्यांचं लक्ष आणि पैसा घाट, रस्ते आणि साधुग्रामाकडे. गल्लीतल्या क्रीडांगणाची आठवण त्या गडबडीत कोण ठेवणार?

ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकून ग्राउंड वाचत नाही. नानांना मोबदला मिळाला तरच ते वाचेल: टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या, रोख घ्या, नाहीतर समावेशक आरक्षणात काही भाग स्वतः बांधा आणि उरलेला ग्राउंड म्हणून सोडा. यातलं काय परवडतं ते नानांनी ठरवायचं. आपण मागे लागायचं ते महापालिकेच्या, नानांच्या नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं, तर एका वहिनींनी विचारलं, "तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" दोघांच्या. माझी पोरगी त्याच ग्राउंडवर सायकल शिकली, आणि नाना माझे रोजचे गिऱ्हाईक.

सध्या एवढंच झालंय: नाना आणि कॉलनीतले चार जण मिळून एकच अर्ज करणार आहेत, की ही जमीन या वर्षीच्या संपादनाच्या यादीत घ्या. मसुदा माझ्या कॉम्प्युटरवर आहे. नानांच्या धाकट्या भावाची सही बाकी आहे. तो म्हणतो, आधी टीडीआरचा भाव कळू दे.

आपल्या भागाचा रंगीत नकाशा काउंटरच्या काचेखाली लावला आहे. बघायला पैसे नाहीत. कॉपी हवी असेल तर 10 रुपये, आणि गट नंबर घेऊन या, 'त्या वडाच्या झाडाजवळची जागा' असं सांगून नकाशात काही सापडत नाही.