कुंभारगावच्या काठावर पाणमांजराच्या मागावर

पहाटे तीनला हडपसर सोडलं. सोलापूर रस्त्याने भिगवण शंभरेक किलोमीटर, पण उजाडायच्या आत पाण्यावर असायचं होतं, म्हणून वाटेत चहालाही थांबलो नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यावर मी आजवर रोहित पक्ष्यांसाठी आलो. या खेपेला पाणमांजरासाठी.

कुंभारगावच्या नावाडीकाकांना फोनवर तसं सांगितलं होतं. ते म्हणाले, "दिसंलच असं बोलत नाय. जागा मात्र दावतो."

जागा म्हणजे पाण्यात शिरलेलं खडकाळ टोक. बुडालेल्या बाभळीचे बुंधे, मागे बेशरमाची दाट जाळी. काकांनी खडकावर बॅटरी धरली. "ही त्यांची परसाकडची जागा. सगळं कुटुंब इथंच येतं." काळपट, ओलसर विष्ठा होती. काडीने उकलली तर आत नुसते खवले आणि बारीक काटे, चिलापीचे असावेत. वास मासळीचा, पण त्यात एक जड, कस्तुरीसारखी उग्र छटा. शेजारच्या वाळूत लोळल्याचा पट्टा आणि चिखलात पाऊल: पाच बोटं, बोटांमधल्या पडद्याची पुसट कड. मी हाताचा पंजा शेजारी टेकवून कितीतरी वेळ बघत राहिलो.

भारतात पाणमांजरांच्या तीन जाती आहेत. आपल्या मैदानी नद्यांतलं हे गुळगुळीत केसांचं, 7 ते 11 किलोचं, कुटुंबाने राहणारं. मुळात हा दिवसा वावरणारा प्राणी. सिंगापूरमध्ये हीच जात भर शहरात, दिवसाढवळ्या, माणसांच्या देखत मासे खाते, कारण तिथे त्यांना कुणी मारत नाही. आपल्याकडे जिथे माणसाची वर्दळ असते तिथे ती पहाट, सांज आणि रात्र धरून राहतात.

सहा वाजून वीस मिनिटांनी पाण्यावर तीन रेघा उमटल्या. पुढे चपटी डोकी. एकाने मासा तोंडात धरून मान वर केली, आणि दाढांखाली काटे मोडल्याचा करकर आवाज होडीपर्यंत आला. मागचं पिल्लू चीं-चीं करत होतं. हिवाळा त्यांच्या पिल्लांचा काळ. तेवढ्यात काठावरची शेतीपंपाची मोटार सुरू झाली. तिन्ही डोकी एकदम पाण्याखाली. मी घड्याळ बघितलं: चार मिनिटं मिळाली होती. नंतर फोटो काढणाऱ्यांच्या होड्या इंजिन लावून आल्या आणि दहापर्यंत थांबूनही काही दिसलं नाही.

काकांच्या भाच्याने फाटलेलं जाळं दाखवलं. जाळ्यात अडकलेला आयता मासा पाणमांजर सोडत नाही, आणि ओढताना जाळं फाटतं. त्याचा राग मला समजला. हजारो रुपयांचं जाळं आहे, भरपाई द्यायला कुणी येत नाही. काका त्याला एवढंच म्हणाले, "आपन बी त्याच्याच पान्यात जाळं टाकतो."

उन्हाळ्याचं त्यांनी सांगितलं ते मला सर्वांत जास्त लागलं. धरण वजा पातळीत, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली गेलं की पाणी काठापासून लांब सरकतं. बिळं, जाळी, खडक सगळं वर राहतं आणि पिल्लांना घेऊन उघड्या चिखलातून पाण्याकडे जावं लागतं. तिथे गावची कुत्री असतात.

आपल्या मुळा-मुठेची घाण भीमेतून याच पाण्यात येते, तरी चिलापी जगते आणि तिच्यामागे पाणमांजरही तग धरतं. पण पिल्लं वाढवायला त्याला काठ लागतो. खडकाची कपार, झाडांची मुळं, माणूस शिरणार नाही अशी जाळी, अंग कोरडं करायला वाळू. पुण्यात आपण नदीकाठ भिंतीने बांधून काढतो आणि त्याला सुधारणा म्हणतो. उद्या मुठेचं पाणी निवळशंख झालं, तरी पाणमांजराने पिल्लं ठेवायची कुठे, हे आज त्या कामाचा नकाशा काढणाऱ्यांनी सांगायला हवं. पुणेकर म्हणून मला ते विचारायचंच आहे.

परतताना काकांनी त्या टोकाच्या बऱ्याच अलीकडे इंजिन बंद केलं आणि वल्हं हातात घेतलं. घाई होती, दुसरं गिऱ्हाईक काठावर थांबलं होतं. तरी बाभळी मागे पडेपर्यंत ते वल्हवत राहिले, आणि मग लांब जाऊन दोरी ओढली.