झारने उपटलेले दात

सेंट पीटर्सबर्गला गेलेली माणसं राजवाडे बघतात. मी नेवा नदीकाठच्या कुन्स्टकामेरा संग्रहालयात एका काचेसमोर इतका वेळ उभी राहिले की नवरा कंटाळून बाहेर निघून गेला. काचेमागे दात होते. खुद्द रशियाच्या झारने, पहिल्या पीटरने, स्वतःच्या हाताने उपटलेले. सत्तावीस वर्षं सांगलीत दातांचा दवाखाना चालवतेय, मुळासकट दात दिसला की माझा पाय निघत नाही.

१६९७ मध्ये हा गडी नाव बदलून हॉलंडला गेला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत सुतारकाम केलं, रुइश नावाच्या शरीरशास्त्रज्ञाकडे विच्छेदनं पाहिली आणि दात काढायचा नादही तिथूनच घेऊन आला. पुढे हत्यारांची पेटी कायम जवळ. दरबारी म्हणे गाल सुजला तरी लपवायचे. दोन मीटर उंचीचा राजा चिमटा घेऊन 'आ कर' म्हणतोय, नाही म्हणणार कोण? मी साध्या अक्कलदाढेलाही आधी कागदावर सही घेते.

दाढीचंही तेच. १६९८ च्या ऑगस्टमध्ये परतला आणि भेटायला आलेल्या सरदारांच्या दाढ्या त्याने स्वतःच कापल्या. पहिला नंबर सेनापती शेइनचा. बिचाऱ्याने नुकतंच बंड मोडून याचीच गादी वाचवली होती! जुन्या वळणाच्या रशियनाला दाढी म्हणजे देवाने दिलेलं रूप, ती उतरवणं पाप. मग १७०५ मध्ये दाढी ठेवायच्या कराचे दर ठरले. सरकारी अधिकाऱ्याला वर्षाला ६० रूबल, बड्या व्यापाऱ्याला १००. शेतकऱ्याला गावात माफी, पण शहराच्या वेशीवर दर खेपेला एक कोपेक, म्हणजे रूबलचा शंभरावा भाग. पैसे भरले की तांब्याचा बिल्ला मिळायचा. त्यावर नाक, मिशा, दाढी आणि वर अक्षरं, 'पैसे घेतले'.

त्यानेच सुरू केलेलं हे संग्रहालय मात्र त्याने फुकट ठेवलं होतं, वर येणाऱ्याला कॉफी नाहीतर वोडका. लोकांनी शहाणं व्हावं म्हणून इतकी खातिरदारी!

बाहेर आले. नवरा संग्रहालयाच्या बेटाच्या टोकाला, पलीकडच्या पीटर-पॉल किल्ल्याकडे बघत बसला होता. परदेशी पळून गेलेल्या मुलाला, अलेक्सेईला, माफीचं वचन देऊन पीटरने परत आणवलं आणि १७१८ मध्ये तो याच किल्ल्यात, छळानंतर, मेला.

"काय, कसं होतं झारचं काम?" नवऱ्याने विचारलं.

"हात बरा होता," मी म्हटलं. "पण एक-दोन दात चांगले ठणठणीत दिसले. उगाच काढलेत."